खोटी मंगळमोहीम, गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये: सेट, प्रकाश, स्लो-मोशन आणि पकडली जाणारी चूक

मोरेवाडी_कट

नमस्कार मंडळी. २२ मिनिटांच्या लघुपटाची तयारी सुरू आहे. कथा थोडक्यात अशी: एका काल्पनिक खासगी अंतराळ कंपनीची तीन माणसं मंगळावर उतरलेली सगळं जग टीव्हीवर बघतंय. प्रत्यक्षात यान रिकामंच गेलंय आणि तिघं कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका बंद कारखान्यात सूट घालून उभे आहेत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी हे पकडते. कशी पकडते, तिथंच घोडं अडलंय.

हाताशी काय आहे ते सांगतो. शेड १०० फूट लांब, ४० फूट रुंद, २२ फूट उंच. वर पत्रा, थ्री-फेज लाइन आहे, एका टोकाला मोठं शटर. कॅमेरा ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के. चार किलोवॉटचा एक एचएमआय (सूर्यप्रकाशासारखा उजेड देणारा सिनेमाचा मोठा दिवा) भाड्यानं मिळतोय, बाकी एलईडी पॅनेल. शूटिंग मे महिन्यात. व्हीएफएक्ससाठी पैसे जवळपास नाहीतच, म्हणजे जे काय करायचं ते कॅमेऱ्यासमोरच.

विचारायचं हे: मंगळाचं कमी गुरुत्वाकर्षण दाखवायला स्लो-मोशन किती ठेवायचं? जमिनीला काय वापरायचं, जांभ्याची माती चालेल का? एका दिव्यात सूर्य उभा राहील का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या मुलीला सापडणारी चूक कोणती ठेवावी, जी जाणकाराला खोटी वाटणार नाही?

---

राजारामपुरी_फोकस

आधी एक गोष्ट ठरवून टाका. तुमच्या सिनेमात दोन सिनेमे आहेत. एक खलनायकांनी बनवलेलं प्रक्षेपण आणि दुसरा तुमचा लघुपट. प्रक्षेपणात ठरवून ठेवलेली एक चूक सोडली तर बाकी सगळं बिनचूक लागतं. नाहीतर प्रेक्षकाला तुमची चूक कुठली आणि त्यांची कुठली हेच कळणार नाही. त्यामुळं खालचं सगळं प्रक्षेपणाच्या शॉटसाठी आहे. शेडमधली पडद्यामागची दृश्यं सेकंदाला २५ फ्रेमला, हँडहेल्ड (कॅमेरा हातात धरून), ट्यूबलाइटच्या हिरवट उजेडातच घ्या. फरक तिथंच दिसेल.

गुरुत्वाकर्षण. पृथ्वीवर ९.८१, मंगळावर ३.७१ मीटर प्रति सेकंद वर्ग. पडायला लागणारा वेळ या गुणोत्तराच्या वर्गमुळानं वाढतो: ९.८१ भागिले ३.७१ म्हणजे २.६४, त्याचं वर्गमूळ १.६३. म्हणजे २५ च्या टाइमलाइनसाठी ४० किंवा ४१ फ्रेमला शूट करायचं. पॉकेट ४के मध्ये ऑफ-स्पीड फ्रेम रेट चालू करून थेट ४० टाका आणि प्रोजेक्ट २५ लाच ठेवा. ५० ला शूट करून एडिटमध्ये ६१ टक्क्यांवर आणायचा मोह होईल, तो टाळा. फ्रेम समान अंतरानं उचलल्या जात नाहीत आणि पॅनमध्ये ठेच लागल्यासारखा धक्का दिसतो. चंद्र असता तर हा आकडा २.४६ आला असता, म्हणजे साधारण ६१ फ्रेम. यूट्यूबवर लोक मंगळालाही चंद्राचाच वेग लावतात, म्हणून त्यांचे अंतराळवीर पाण्याखाली चालल्यासारखे वाटतात.

स्लो-मोशननं फक्त पडणंच नाही, सगळंच मंदावतं. हाताची हालचाल, मान वळवणं, गुडघे, सगळं. खऱ्या माणसाचे स्नायू मंगळावर मंद होत नाहीत. म्हणून नटांनी हात आणि मान साधारण दीडपट चपळाईनं हलवायला हवी, पण उडी आणि पाऊल नेहमीच्या जोरानं. हे तालमीशिवाय जमत नाही. तालमीतच ४० ला रेकॉर्ड करून नटांना तिथल्या तिथं दाखवा. सांगून कळत नाही ते एकदा बघून कळतं.

कॅमेऱ्याचं शटर (प्रत्येक फ्रेमवर उजेड किती वेळ पडतो ते) १८० अंशांवर ठेवू नका. ४० फ्रेमला ते १/८० होतं, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. चित्रात पट्टे फिरतील. १/१०० ठेवा (१४४ अंश), मग प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुकीचं एक पूर्ण आवर्तन येतं आणि फ्रेम रेट कितीही असो, पट्टे येत नाहीत. एचएमआय घेताना इलेक्ट्रॉनिक बॅलास्टचाच (बॅलास्ट म्हणजे दिव्याची वीज सांभाळणारा डबा) मागा आणि तो फ्लिकर-फ्री मोडवर ठेवा. जनरेटरवर जाणार असाल तर त्याची फ्रिक्वेन्सी मीटरवर बघा. ४८ वर घसरलेला जनसेट १/१०० लाही दगा देतो.

प्रकाश. एका दिव्यात सूर्य उभा राहतो, पण दिवा लांब न्यावा लागतो. समजा सेट शेडच्या लांबीच्या दिशेनं ३० फूट, म्हणजे ९ मीटर. दिवा सेटच्या कडेपासून ६ मीटरवर ठेवला तर अलीकडच्या टोकाला जेवढा उजेड, त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढा पलीकडं. अडीच स्टॉपहून जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा)! कोणीही ओळखेल की हा दिवा आहे. तोच दिवा शेडच्या दुसऱ्या टोकाला नेला, म्हणजे २१ मीटरवर, तर फरक एका स्टॉपवर येतो. रात्री शटर उघडून दिवा बाहेर आणखी २० मीटर मागं नेला तर अर्ध्या स्टॉपच्या आसपास. उरलेला फरक घालवायला दिव्यापुढं फक्त खालच्या अर्ध्या भागात जाळी लावा. खालचा झोत जवळच्या जमिनीवर पडतो, तोच थोडा मरतो. सावल्यांचंही तसंच. १२ मीटरवरच्या दिव्यासमोर एकमेकांपासून ४ मीटर अंतरावर दोघं उभे केले तर त्यांच्या सावल्यांत १८ अंशांचा फाटा पडतो. ३० मीटरवर साडेसात अंशांचा. सूर्याच्या सावल्या समांतर असतात.

२२ फुटी शेडमध्ये दिवा २१ मीटरवर असला की सूर्य क्षितिजापासून १५-१६ अंशच वर येतो. हरकत नाही. संवादात ‘मंगळावरची सकाळ’ म्हणा. अपोलोच्या यानांनीही सूर्य मुद्दाम खाली असतानाच चंद्रावर उतरायचं ठरवलं होतं, सावल्यांमुळं जमिनीचा उंचसखलपणा कळतो म्हणून. फक्त एवढ्या खालच्या प्रकाशात माणसाची सावली साडेसहा मीटर लांब पडते. दिवा कॅमेऱ्याच्या मागं ठेवलात तर ती थेट मागच्या पडद्यावर चढेल आणि मंगळाच्या आकाशावर अंतराळवीराचं डोकं दिसेल. म्हणून दिवा लांबीच्या दिशेनं आणि कॅमेरा आडवा, लांब भिंतीकडं तोंड करून. पडदा त्या भिंतीला, सेटच्या कडेपासून शक्य तेवढा मागं, सुरकुती नको, आणि त्याला स्वतंत्र एलईडी.

सावली काळीकुट्ट ठेवू नका, तो चंद्र झाला. मंगळाच्या हवेत धूळ असते, आकाशातूनच भरपूर उजेड खाली येतो. वर पांढरं कापड ताणून त्यावर पॅनेल मारा, पिवळसर जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून. आकाश लालभडक नाही, फिकट तपकिरी, टॉफीच्या रंगाचं. नासाचं व्हायकिंग-१ यान जुलै १९७६ मध्ये मंगळावर उतरलं तेव्हा पहिलं रंगीत चित्र आधी निळ्या आकाशाचं बाहेर आलं होतं आणि मग रंग दुरुस्त करावे लागले. आणि मंगळावरच्या सूर्यास्ताला सूर्याभोवतीचा भाग निळसर दिसतो. हे तुमच्या खलनायकांना माहीत असायला हवं, त्यांच्याकडं पैसा आहे.

---

शिरोली_नाका

जमिनीचं मी सांगतो.

जांभ्याची माती नको भावा. रंग झकास, पण ती बारीक. पाय मारला की ढग उठतो आणि शेडमध्ये पाच-दहा मिनिटं तरंगत राहतो. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एका टक्क्यापेक्षा कमी. तिथं अगदी बारीक धूळ उडते, तरंगते, पण बुटानं उडवलेली जाड रेती सरळ कमानीत जाऊन खाली पडते. तुमच्या शॉटमध्ये रेती कमानीत पडली पाहिजे, एवढंच बघा.

इकडं कुणीही पहिलं सुचवेल ती फाउंड्रीची टाकाऊ वाळू. शिरोलीत, गोकुळ शिरगावात ढिगानं मिळते आणि काळी असल्यामुळं चंद्राला शोभेलही. घेऊ नका. ती सिलिका वाळू. वारंवार तापून तिचा बारीक भुगा झालेला असतो. तो फुप्फुसात गेला की सिलिकोसिस, आणि तो बरा होत नाही. त्यात रेझिनची असेल तर दिव्याच्या उष्णतेनं वासही सुटतो. हेल्मेटमधल्या नटापेक्षा जमिनीवर लोळून कॅमेरा धरणाऱ्याला धोका जास्त.

घ्यायची ती खडी क्रशरवरची धुतलेली क्रश सँड, बांधकामाची. प्लास्टरची नको, ती बारीक असते. आपल्याकडचा दगड काळा बेसॉल्ट. त्यात मोकळी सिलिका फार कमी, आणि मंगळाची जमीनही मुख्यतः बेसॉल्टचीच. धुतलेली म्हणजे पूड गेलेली. तरी मास्क सगळ्यांना, एन-९५.

हिशेब सोपा आहे. ३० बाय २० फुटांचा सेट, दोन इंच थर, म्हणजे १०० घनफूट, बरोबर एक ब्रास. वजन साडेचार टनांच्या आसपास, तेव्हा ट्रक शेडच्या आत येतोय का ते आधी बघा, नाहीतर घमेली वाहताना जीव जाईल. खाली ताडपत्री, तिच्याखाली पोती आणि थर्माकोलचे तुकडे ठेवून उंचवटे करा. सपाट सेटवर रेती म्हणजे कबड्डीचं मैदान दिसतं.

सगळी रेती रंगवायची गरज नाही. वरचा अर्धा इंच, म्हणजे पाव ब्रास, तेवढीच. त्याला १० ते १५ किलो ऑक्साइड रंग पुरेल: तीन भाग लाल, एक भाग पिवळा. नुसता लाल टाकला की विटांची भट्टी दिसते. कोरडा रंग टाकू नका, तो परत धूळच होतो. फेविकॉल वीसपट पाण्यात पातळ करून त्यात रंग कालवा, काँक्रीट मिक्सरमध्ये रेतीबरोबर फिरवा आणि उन्हात पसरून वाळवा. मधेमधे फावड्यानं हलवा, नाहीतर ढेपा होतात. आधी एक घमेलं करून कॅमेऱ्यात बघा. डोळ्याला दिसतो तो रंग आणि एचएमआयखालचा रंग वेगळा.

पंचगंगेतले गोटे आणू नका, ते गुळगुळीत. खाणीतले कोनाकोनाचे, छिद्रंछिद्रं असलेले दगड बघा. मोठे खडक थर्माकोल कापून, वर व्हाइट सिमेंट आणि फेविकॉल, ओलं असतानाच रेती शिंपडून.

बुटाच्या ठशाचा क्लोजअप असेलच. कोरड्या रेतीत ठसा टिकत नाही, कडा ढासळतात. ओली केली तर गडद दिसते आणि दिव्याखाली ठिपक्याठिपक्यांनी वाळते. तेवढ्या शॉटपुरता दोन फुटी ट्रे करा: शंभर भाग रेती, सहा-सात भाग बेंटोनाइट (चिकट माती), तीन भाग पाणी. हातात मुठ्ठा दाबून मोडला की स्वच्छ दोन तुकडे झाले पाहिजेत. भुगा झाला तर पाणी कमी, बोटाला चिकटलं तर जास्त. फाउंड्रीत मोल्डिंग सँड याच परीक्षेनं बघतात. तिथल्या कुठल्याही मोल्डरला ट्रे भरायला बोलवा, बुटाच्या तळव्याची नक्षीसुद्धा उठेल.

---

लहर_८४००

चुकीबद्दल. ‘सिग्नल पृथ्वीवरूनच येतोय’ ही चूक ठेवणार असाल तर आज ती चालणार नाही. हौशी मंडळीही मंगळाभोवतीच्या यानांचे सिग्नल पकडतात. जर्मनीत बोखुमच्या २० मीटर डिशवर चीनच्या तिआनवेन-१ चा सिग्नल हौशी गटानं पकडला होता. यानं अंतराळात खोलवर जातात तेव्हा ती सहसा ८.४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, आणि डिश मंगळाकडं रोखली की सिग्नल तिथूनच येतोय की नाही ते कळतं. शिवाय डॉपलर, म्हणजे जवळ येताना किंवा लांब जाताना सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणं. पृथ्वी फिरते त्यामुळं कोल्हापूरच्या अक्षांशावर आपण सेकंदाला ४४५ मीटर वेगानं फिरतोय. यान उगवताना आपण त्याच्याकडं जातो, मावळताना लांब. एवढ्यानंच ८.४ गिगाहर्ट्झवर साडेबारा किलोहर्ट्झचा चढउतार दोन्ही बाजूंनी होतो, दररोज. जमिनीवरच्या ट्रान्समीटरला हे नाही. पहिल्याच दिवशी पितळ उघडं पडेल.

म्हणजे तुमच्या कथेत यान रिकामं गेलंय ते बरोबरच आहे. ते जायलाच हवं. शेडमधलं चित्र वर यानाकडं पाठवायचं आणि यानानं तेच परत फेकायचं.

गंमत अशी की यात वेळ आपोआप जुळतो. मंगळ १२ प्रकाशमिनिटांवर आहे असं धरा (मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला कक्षेत शिरलं तेव्हा साधारण एवढंच अंतर होतं). खरी मोहीम असेल तर प्रश्न १२ मिनिटांनी पोचतो, उत्तर आणखी १२ मिनिटांनी येतं, एकूण २४. खोट्या मोहिमेत शेडमधल्या माणसाला प्रश्न लगेच ऐकू येतो, तो लगेच उत्तर देतो, ते उत्तर १२ मिनिटं वर जातं, १२ मिनिटं खाली येतं. परत २४! म्हणजे ‘उत्तर लवकर आलं’ ही सिनेमातली आवडती चूक इथं होतच नाही.

खरा पुरावा असेल तर वर जाणाऱ्या सिग्नलमध्ये. यानाला पाठवायच्या आज्ञा म्हणजे अगदी थोडा डेटा असतो, आणि चित्रं खाली येतात. इथं मात्र चित्राएवढा रुंद सिग्नल वर चाललाय. जमिनीवरून मंगळाकडं व्हिडिओ कोण पाठवतं? अर्थात हा सिग्नल अरुंद झोतात वर जातो, तेव्हा तो ऐकायला डिशच्या जवळपास असावं लागेल. मुलगी कंपनीच्या अँटेनाजवळच्या गावची दाखवा.

---

मोरेवाडी_कट

दादा, हे भारी आहे, पण पडद्यावर बँडविड्थचा आलेख दाखवून प्रेक्षक हलणार नाही. डोळ्याला दिसेल, सासूबाईंनासुद्धा कळेल असं काही?

आणि एचएमआय शटरबाहेर नेला तर शेजारच्या युनिटची रात्रपाळी आहे, तिकडचा उजेड आत येतो. काळा मांजरपाट लावून चालेल का?

---

राजारामपुरी_फोकस

चालेल, पण दुहेरी. एकेरी मांजरपाटातून उजेड झिरपतो. शटरच्या चौकटीला बाहेर काढलेला बोगदा करा, फक्त दिव्याच्या झोताएवढा. आणि एचएमआय एकदा विझवला की बऱ्याचदा गार होईपर्यंत पेटत नाही. जेवणाच्या सुट्टीतच बंद करा.

---

पटकथेचा_पाना

सासूबाईंना कळेल असं उत्तर वर फोकसदादांच्या आकड्यातच पडलंय. कसं ते सांगते.

आधी काय टाळायचं ते. या विषयावरचा सगळ्यांना आठवणारा सिनेमा म्हणजे पीटर हायम्सचा ‘कॅप्रिकॉर्न वन’, १९७८ चा. मंगळमोहीम, जीवरक्षक यंत्रणेत दोष, म्हणून अंतराळवीरांना उतरवून स्टुडिओत नेणं. चित्राचा सिग्नल फार जवळून येतोय हे एका तंत्रज्ञाच्या लक्षात येतं, आणि परतीच्या वेळी रिकाम्या यानाची उष्णतारोधक ढाल निकामी झाल्यामुळं तिघांना जगासाठी मरावं लागतं. तुमचा रिकाम्या यानाचा धागा त्याच्या जवळ जातो. तेव्हा जवळून येणारा सिग्नल आणि जळालेलं यान या दोन्ही वाटा सोडा. महोत्सवातल्या परीक्षकाला पहिल्या मिनिटात ओळख पटेल.

आता चूक. खलनायक प्रक्षेपण १.६ पट संथ करतात, कारण गुरुत्वाकर्षण दाखवायचंय. म्हणजे शेडमध्ये पाच मिनिटं जे घडलं, ते पडद्यावर आठ मिनिटं चालतं. तीन मिनिटं मागं पडली. पुढची पाच मिनिटं, आणखी तीन. चित्र सतत मागंमागं राहत जातं. पण आवाज संथ केला तर तो घोगरा होतो किंवा बोलणं रेंगाळतं, सगळ्यांना कळेल. म्हणून आवाज नेहमीच्या वेगानं जातो. आवाज आणि चित्र यांच्यातली दरी वाढत जाते.

आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागात अडचण नाही, तिथं डबिंग जुळवून लावतील. उतरण, झेंडा, पहिलं पाऊल, सगळं आधीच तयार. अडचण येते ती थेट संवादात. म्हणून कंपनी थेट संवाद टाळते, आणि जेव्हा करते तेव्हा अंतराळवीर यानाच्या आत बसून बोलतात, चित्र नेहमीच्या वेगाचं, फ्रेम छातीपासून वर. हे खरंच शहाणपणाचं आहे, आणि प्रेक्षकाला आधी दोनदा तसंच दाखवा म्हणजे सवय होईल.

मग एक मंत्री, किंवा शाळेतला एखादा पोर, अंतराळवीर बाहेर असतानाच्या प्रक्षेपणात कार्यक्रमपत्रिकेबाहेरचं विचारतो: ‘काका, उजव्या हातानं मूठभर माती उचलून दाखवा, आणि ओंजळीत काय दिसतं ते सांगत सांगत दाखवा.’ नकार देता येत नाही, जग बघतंय. चोवीस मिनिटांनी उत्तर येतं. आवाज म्हणतो ‘ही बघा, उचलली’, आणि चित्रातला माणूस अजून वाकतोय. आवाज म्हणतो ‘आता सोडतो’, चित्रात तो आत्ता उचलतोय. सुरुवातीला फरक दोन सेकंदांचा, तीन मिनिटांनी जवळपास दोन मिनिटांचा. टीव्हीवाले म्हणतात ‘तांत्रिक अडचण’. लोक मान्य करतात, कारण इतक्या लांबून थोडंफार मागंपुढं व्हायचंच.

मुलगी इथं वेगळी ठरते. अंतरामुळं होणारा उशीर एका संवादात बदलत नाही. मंगळ आणि पृथ्वी एकमेकांपासून सेकंदाला १५ किलोमीटरनं लांब जात असले तरी दहा मिनिटांत उशिरात सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढाही फरक पडत नाही. इथं तर तो दर मिनिटाला ठरावीक प्रमाणात वाढतोय. ती वहीत दोन रांगा लिहिते: आवाजात ‘उचलली’ कधी, चित्रात कधी. चार-पाच जोड्या. भागाकार केला की प्रत्येक वेळी १.६. आणि १.६ कुठून आला ते शोधायला ती गुरुत्वाकर्षणाचं वर्गमूळ काढते. तिथं तिला कळतं की हा आकडा मंगळाचा नाही, पृथ्वीवर शूट करून मंगळ दाखवणाऱ्या माणसाचा आहे. वही, घड्याळ आणि एक वर्गमूळ. आलेख नको, डिश नको.

चित्रणासाठी सोपं: हा एकच शॉट ४० फ्रेमला सलग घ्या, आवाज वेगळा रेकॉर्ड करा, एडिटमध्ये दोन्ही एकाच ठिकाणी सुरू करून सोडून द्या. दरी आपोआप पडते, खोटी करावी लागत नाही. नटानं बोलत बोलत कृती केलीच पाहिजे, नाहीतर मोजायला काहीच राहत नाही.

लहरदादांचा वर जाणारा सिग्नल वाया घालवू नका. तो शेवटी पुरावा म्हणून येऊ दे, तिच्याकडं नाही, कंपनीतल्याच कुणाच्या तरी हातात. नियंत्रण कक्षातल्या शंभर लोकांना काही माहीत नसणं पटण्यासारखं आहे. सराव करताना त्यांच्या पडद्यांवर सिम्युलेटरचेच आकडे येतात, त्यामुळं त्यांना फरक कळत नाही. पण अँटेना चालवणाऱ्याला आपण वर काय पाठवतोय ते कळतं. गुपित माहीत असलेली माणसं मोजून सात-आठ ठेवा, त्याहून जास्त झाली की कुणीतरी बोललंच असतं असं प्रेक्षक म्हणतो.

आणि खऱ्या अंतराळ संस्थेचं नाव, बोधचिन्ह सेटवर कुठंच नको. काल्पनिक कंपनी आहे तीच बरी.

---

कापड_आणि_कात्री

पाना ताईंचा मुद्दा हेल्मेटवर अवलंबून आहे. सोनेरी काच खाली असेल तरच आवाज आणि चित्र वेगळं चालतं. ओठ दिसले की संपलं, पहिल्याच वाक्याला चोरी कळेल. तेव्हा बाहेरच्या सगळ्या दृश्यांत काच खाली.

हेल्मेटला दिव्याचे ॲक्रिलिकचे गोल मिळतात, १४ इंची घ्या, १२ इंचीत डोकं घासतं. वर गाडीच्या काचेची आरसेवाली फिल्म. गोलावर फिल्म सुरकुतते, म्हणून पाकळ्यांसारखे सहा तुकडे कापून हीटगननं बसवा, सांधे मागच्या बाजूला. गोल काचेत अख्खा शेड दिसतो: दिवा, बूम, कॅमेरामन, पत्र्याचे खांब. युनिटमधले सगळे काळ्या कपड्यांत, कॅमेऱ्यापुढं मधे भोक पाडलेलं काळं कापड. दिव्याचं एक प्रतिबिंब मात्र राहू दे, तो सूर्य.

हेल्मेट कधीही पूर्ण बंद करू नका. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आत साचतो आणि माणसाला कळायच्या आत चक्कर येते. मानेची कडी मागून मोकळी, आणि पाठीवरच्या पेटीत १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा, नळीनं तोंडासमोर हवा. त्यानं काचेवर वाफही धरत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली सूट घालून वीस मिनिटांच्या वर उभं करू नका, रात्री असलं तरी.

वजनरहित दृश्यांत छातीपासून वर फ्रेम धरा, नट एका पायावर तोल सांभाळत हळूच डोलू दे, आणि पेन तंगुशीला बांधा, वरून नाही, बाजूनं. केस तेल लावून चप्प नकोत, तिथं ते पिंजारलेले असतात.

---

लहर_८४००

पाना ताई, वर्गमुळाचं जमलंय. एकच दुरुस्ती. वही भागाकारासाठी ठेवताय तर सुरुवात शून्यावर जुळलेली हवी. आवाज आणि चित्र दोन्ही एकाच क्षणी सुरू होतात असा ठसठशीत क्षण द्या, म्हणजे नटानं पहिलं काहीतरी आपटावं, हातोडी किंवा पेटीचं झाकण. नाहीतर मुलीला प्रत्येक वेळी आधीचा फरक वजा करावा लागेल आणि प्रेक्षक तिथंच गळेल.

---

शिरोली_नाका

आवाजाचं कुणी बोललं नाही म्हणून. पत्र्याच्या शेडमध्ये टाळी वाजवली तरी घुमते. मंगळावरचे संवाद शेडमध्ये घेऊच नका, एखाद्या खोलीत गाद्या लावून घ्या, हेल्मेट घालूनच, पंखा चालू ठेवून. तो पंख्याचा आवाज खऱ्यासारखा वाटतो. शेडमधले पडद्यामागचे प्रसंग मात्र तिथलेच राहू देत, घुमणं तिथं उपयोगी.

आणि मे म्हणताय तर वळवाचा पाऊस धरा. दुपारी चारनंतर कधीही येतो. पत्र्यावर आला की संवाद रेकॉर्ड होत नाहीत, आणि शटर उघडं असेल तर एचएमआयचं बॅलास्ट भिजतं. बॅलास्ट लाकडी पाटावर, वर ताडपत्री पण चारी बाजूंनी हवा खेळती, अर्थिंग शेडच्या मुख्य पॅनेलवरून. रंगवलेली रेती वाळवायला बाहेर पसरली असेल तर त्या दिवशी एक माणूस फक्त आभाळाकडं बघायला ठेवा.